आधी गळती बंद, मग हवा मोकळी: ड्युअल-स्पोर्ट बाईकचा एअरबॉक्स आणि गिअर लिव्हर घरच्या घरी

बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर दिसणाऱ्या ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या बाईक (एक्सपल्स, हिमालयन आणि अजून तग धरून असलेल्या जुन्या इम्पल्स) जरा वाकून बघा. एअरबॉक्सला, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याला, ड्रिलने पाडलेली भोकं असतात, नाहीतर भलत्याच गाडीचा गिअर लिव्हर ठोकून बसवलेला असतो. मालकाची तक्रार मात्र कायम तीच: पिकअप नाही, गिअर अडकतो. काम उलट्या क्रमाने झालेलं असतं. फिल्टरला बगल देऊन धूळ आत शिरत असते आणि आपण झाकण कापत बसतो. क्लचची वायर सैल असते आणि आपण लिव्हर विकत आणतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. निम्म्या गाड्यांचं काम दुसऱ्या टप्प्यातच संपेल.

## हात लावण्याआधी: गाडी कुठल्या गटातली?

कार्बोरेटर की फ्युएल इंजेक्शन, हे आधी नक्की करा. पुढचं सगळं त्यावर ठरतं. इम्पल्स कार्बची. हिमालयन २०१६ साली कार्बवर आली आणि २०१७ पासून इंजेक्शनवर गेली. एक्सपल्स २०० ही २०१९ मध्ये दोन्ही प्रकारांत मिळत होती. १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ या प्रदूषण नियमातली एक्सपल्स किंवा हिमालयन असेल तर ती इंजेक्शनचीच.

इंजेक्शनच्या गाडीचा एअरबॉक्स कापू नका. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर एका लयीत चालताना मिश्रण सांभाळून घेतो, पण थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बहुतांशी कंपनीने भरलेल्या पेट्रोलच्या ठरावीक तक्त्यावर चालतो. जास्तीच्या हवेला पुरेसं पेट्रोल मिळेलच याची खात्री उरत नाही. अशा गाडीवाल्यांनी टप्पा १ आणि २ करावेत आणि थेट टप्पा ६ वर यावं.

कायद्याचंही एकदाच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्याकडे केए २२ ची, म्हणजे बेळगाव पासिंगची गाडी सकाळी चंदगडला आणि दुपारी गोव्यात असते, म्हणजे एका दिवसात तीन राज्यांचे पोलीस. म्हणून मूळ एअरबॉक्सला कधीच ड्रिल लावायचं नाही. भंगारातून किंवा जुन्या स्पेअरवाल्याकडून दुसरं झाकण आणायचं आणि जे कापायचं ते त्यावर. रस्त्यावर मूळ झाकण, खासगी शेतात किंवा ट्रॅकवर कापलेलं.

## टप्पा १: सामान

आठ, दहा आणि बाराचा पाना, टी-स्पॅनर, एलन कीचा संच, चांगल्या टोकाचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर (कार्बचे स्क्रू घासले की अर्धा दिवस तिथेच जातो), पांढरं सुती कापड, ग्रीस, फोम फिल्टरचं तेल, साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली, मास्किंग टेप, पांढरा रंग किंवा नेलपेंट, मोजपट्टी. टॉर्क रेंच असला तर उत्तम.

एवढं समोर मांडल्याशिवाय सीट काढू नका. उघड्या इनटेकची गाडी अंगणात ठेवून नट आणायला बाजारात जाणं ही सगळ्यात महागडी फेरी.

## टप्पा २: आहे ते मूळ स्थितीत आणा

खानापूरच्या पश्चिमेला तांबडी जांभ्याची धूळ, बैलहोंगलकडे काळी माती, आणि ऊस तोडणीच्या दिवसांत निपाणी-चिक्कोडी पट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागचा धुरळा. फिल्टरचा इथला हिशेब शहरातल्या गाडीसारखा नसतो. मॅन्युअलमधलं अंतर डांबरी रस्त्याचं आहे, ते धुळीत निम्म्याहून कमी धरा.

फिल्टर काढला की लगेच धुऊ नका. आधी एअरबॉक्सच्या आतल्या बाजूला, म्हणजे फिल्टर ते इंजिन या भागात, पांढरं कापड फिरवा. कापड स्वच्छ निघालं पाहिजे. तांबडं निघालं तर फिल्टर कितीही नवा असला तरी धूळ कडेने आत जाते आहे. लाल मातीचा हा एक फायदा, चोर लगेच सापडतो.

आता फिल्टर कशाचा आहे ते बघा.

फोमचा असेल तर रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा, मग साबणाच्या कोमट पाण्यात. पेट्रोल वापरू नका. त्याने फोमचे चिकटवलेले सांधे सुटतात, शिवाय आगीची भीती वेगळी. फोम तळहातांत दाबायचा, धुण्यासारखा पिळायचा नाही, पिळला की शिवणीपाशी फाटतो. सावलीत पूर्ण वाळू द्या. नंतर फोमचं तेल सगळीकडे सारखं मुरवा आणि जास्तीचं दाबून काढा. इंजिन ऑईल अडीनडीला चालतं, पण ते दोन दिवसांत खाली ओघळतं आणि वरचा भाग कोरडा पडतो. कोरडा फोम बारीक धूळ धरत नाही.

कागदाचा असेल तर बोट लावून बघा. कोरडा असेल तर हलकेच आपटून किंवा आतल्या बाजूने बाहेर अशी कमी दाबाची हवा मारून एखाद-दुसऱ्या वेळी चालवता येतो. तेलकट लागला तर तो मुद्दाम तेलवलेला फिल्टर आहे. त्याला हवा मारायची नाही आणि धुवायचाही नाही, थेट बदलायचा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने उडवलेले तेलकट फिल्टर मी बरेच बघितलेत. दिसायला ते साफ असतात, पण उजेडासमोर धरले की बारीक भोकं दिसतात.

बसवताना फिल्टरच्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्या. तो फट बंद करतो, आणि पुढच्या वेळी उघडल्यावर त्या थराच्या आतल्या अंगाला माती चिकटलेली दिसली तर गळती नेमकी कुठे आहे तेही कळतं.

यानंतर रबरी बूट. एअरबॉक्स ते कार्ब आणि कार्ब ते इंजिन असे दोन सांधे असतात आणि त्यांचे दोष वेगळे. पहिल्यातून धूळ आत जाते. दुसऱ्यातून, म्हणजे इंजिनकडच्या सांध्यातून, फुकटची हवा ओढली जाते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. दुसरा तपासायचा तर इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि सांध्यावर साबणाचं पाणी फवारा. रेस बदलली किंवा इंजिन अडखळलं तर रबराला चीर आहे किंवा क्लिप सैल आहे. ती दुरुस्त होईपर्यंत पुढे जाऊ नका. गळक्या इनटेकवर केलेलं ट्युनिंग गळती बंद झाली की पुन्हा चुकीचं ठरतं.

शेवटी एअरबॉक्सच्या तळाची ड्रेनची नळी. ती आहे का, टोकाचं बूच आहे का, आत मातीचा गोळा बसला नाही ना? मलप्रभेच्या एखाद्या फरशी पुलावरून पावसाळ्यात गाडी काढली असेल तर ही नळी घरी आल्या आल्या रिकामी करायची.

तपासणी: नवा प्लग, थंड इंजिनवर जुळवलेले टॅपेट (व्हॉल्व्हची फट), बरोबर बसलेला फिल्टर. आता गाडी चालवून बघा. पिकअप परत आला असेल तर हवेचं काम इथेच झालं, टप्पा ६ वर जा.

## टप्पा ३: बदलाआधी मोजा

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात. स्नॉर्केल (एअरबॉक्सच्या तोंडाची नळी) काढलं की इनटेकचा आवाज वाढतो, आणि आवाज वाढला की ताकद वाढल्यासारखी वाटते. कानावर विश्वास ठेवायचा नाही.

थ्रॉटलच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर मास्किंग टेप लावून पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. ओळखीचा, मोकळा, सरळ चढ निवडा. तोच गिअर, तेच वजन, तोच टायरचा दाब. खालच्या खांबापासून वरच्या खांबापर्यंत किती सेकंद लागतात ते मित्राला मोजायला सांगा आणि लिहून ठेवा. जंगलातले रस्ते यासाठी नकोत. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर अजिबातच नाही. पुणे-बेंगळुरू महामार्गही नको.

## टप्पा ४: हवा मोकळी करणे (फक्त कार्बच्या गाड्या)

क्रम असा: आधी फक्त स्नॉर्केल काढायचं, म्हणजे एअरबॉक्सच्या तोंडाची रबरी किंवा प्लास्टिकची नळी. काहीही न कापता होणारा हा बदल आहे आणि दोन मिनिटांत परत बसवता येतो. चालवा, त्याच चढावर मोजा. फरक नसेल तर झाकण कापूनही फारसा पडणार नाही, कारण मूळ सायलेन्सर तेवढाच श्वास सोडतो. खरं सांगायचं तर मूळ सायलेन्सरवर इथून मिळणारा फायदा थोडाच असतो.

तरी पुढे जायचं असेल तर दुसरं झाकण घ्या. काम गाडीवर करायचं नाही, झाकण बाकावर ठेवून करायचं. भोकं वरच्या अंगाला, सीटखाली हवीत. मागच्या चाकाकडे तोंड असलेलं भोक म्हणजे चिखलाला आमंत्रण. भोक पाडल्यावर कड कानसने साफ करा, कारण लोंबणारी प्लास्टिकची किस आज ना उद्या सुटते. एका वेळी एकच भोक वाढवा. सगळं झाकण जाळीसारखं केलं की मधल्या वेगाची ओढ जाते, आणि घाटात लागते ती नेमकी तीच.

पावसाळ्यासाठी त्या भोकांवर बसणारी रबरी शीट आणि पत्र्याची पट्टी आधीच करून ठेवा. कणकुंबी-आमगावचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना कारण सांगायला नको.

सावधान: एअरबॉक्स फेकून थेट कार्बला लावायचा शंकूसारखा फिल्टर या भागात वापरू नये. पाणी, धूळ आणि बाजूच्या गाडीचा शिंतोडा थेट त्यावर येतो, आणि एअरबॉक्समधल्या शांत हवेचा साठाही जातो. फोटोत छान दिसतो, पिस्टनच्या रिंगा मात्र खातो.

## टप्पा ५: कार्ब जुळवणे

हवा वाढवली तर पेट्रोल वाढवावंच लागतं, आणि इथे दोन गोष्टी आधीच आपल्या विरोधात आहेत.

पहिली गोष्ट पंपावरची. ई-२० मध्ये २० टक्के इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं तोंड) गाडी आधीच थोडी पातळ मिश्रणावर चालते आहे. त्यात एअरबॉक्स उघडला की ती आणखी पातळ होते.

दुसरी गोष्ट उंची. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे आणि इथली हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे सात टक्के विरळ. इथे अगदी काठावर जुळवलेला कार्ब चोर्ला घाट उतरून केरी-साखळीला पोहोचला की पातळ पडतो, कारण तिथे हवा दाट आणि जेट तोच. म्हणून बेळगावात जुळवताना मेन जेट एक पायरी जाडच ठेवा. वर थोडी जड चालेल, पण खाली इंजिन तापणार नाही.

आता जुळवणी. बंद ते एक अष्टमांश थ्रॉटल पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू सांभाळतो, पाव ते पाऊण सुई, पाऊण ते पूर्ण मेन जेट. मुठीवरच्या टेपचा उपयोग इथे. कोणत्या खुणेवर गाडी अडखळते ते बघा आणि तेवढाच भाग बदला. वरून खाली या: आधी मेन जेट, मग सुई, शेवटी मिश्रणाचा स्क्रू.

मेन जेट एका वेळी एकच नंबर बदला आणि सुरुवात जाड बाजूने करा. जेट कंपनीचाच घ्या. तार घालून भोक मोठं करणारे कारागीर अजून आहेत; तसा जेट कितीचा झाला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि परत लहान तर तो होतच नाही.

सुईला खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली सरकवा, म्हणजे सुई वर येते आणि मिश्रण जाड होतं. खाचा नसतील तर सुईच्या डोक्याखाली अर्ध्या मिलिमीटरचा वायसर.

मिश्रणाचा स्क्रू कुठे आहे ते बघूनच फिरवा. इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की मिश्रण जाड होतं. फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की पातळ. हे उलटंपालटं करून लोक दिवसभर झगडतात.

पातळ मिश्रणाची लक्षणं: थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट, चढावर हुंदके, पायाला जाणवणारी जास्तीची उष्णता. जाड मिश्रणाची: जड आवाज, काळी काजळी, घसरलेलं मायलेज. प्लगचा रंग बघायचा तर बघा, पण इथेनॉलच्या पेट्रोलवर तो पूर्वीइतका स्पष्ट येत नाही. नुसत्या रंगावर निर्णय घेऊ नका.

तपासणी: टप्पा ३ मधला चढ, तोच गिअर. वेळ कमी झाला नसेल तर मूळ झाकण, मूळ स्नॉर्केल आणि जुना जेट परत. त्यात कमीपणा नाही.

## टप्पा ६: लिव्हरला हात लावण्याआधी

गिअर जड, न्यूट्रल सापडत नाही, पहिला टाकताना खाडकन आवाज. यातल्या बहुतेक तक्रारींचा लिव्हरशी संबंधच नसतो.

क्लच वायर: हँडलवरच्या क्लचच्या टोकाला बहुतेक गाड्यांना १० ते २० मिलिमीटर मोकळीक लागते, मॅन्युअलचा आकडा अंतिम. जास्त सैल असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर अडतो. अगदी घट्ट असेल तर क्लच घसरतो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मोकळीक तेवढीच राहते का ते बघा. हँडल रायझर (हँडल उंच करणारे तुकडे) लावलेल्या गाड्यांत वायर ताणली गेलेली असते.

ऑईल: डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलं हवं. कारचं ऑईल ओल्या, म्हणजे इंजिन ऑईलमध्येच चालणाऱ्या क्लचला चालत नाही.

चेन: लांब सस्पेन्शनच्या गाडीची चेन साध्या कम्युटरपेक्षा सैल ठेवावी लागते. घट्ट ठेवली तर खड्ड्यात मागचं चाक वर आल्यावर ती गिअरबॉक्सचा शाफ्ट ओढते. मोजमाप चाक फिरवून सगळ्यात घट्ट जागी घ्यायचं.

यानंतर लिंकेजचे, म्हणजे लिव्हर आणि गिअरचा शाफ्ट जोडणाऱ्या दांड्याचे, सांधे धुऊन ग्रीस करा. चिखल सुकून बसलेला सांधा पायाला गिअरबॉक्सचा दोष वाटतो.

## टप्पा ७: लिव्हरची उंची

ज्या पादत्राणात गाडी चालवता तेच घालून बसा. हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर निम्मे लोक गमबूट घालतात आणि त्याचा जाड पुढा मूळ लिव्हरखाली शिरतच नाही. बुटाचं टोक फूटरेस्टवरून पाय न उचलता लिव्हरखाली गेलं पाहिजे, आणि खाली दाबताना घोटा मुरडायला नको. उभं राहूनही बघा. उभ्याने चालवणाऱ्याला लिव्हर किंचित वर हवा असतो.

काढण्याआधी शाफ्ट आणि लिव्हर या दोन्हींवर पांढऱ्या रंगाची सरळ रेघ मारा.

लिंकेजचा रॉड असेल तर बदल रॉडनेच करा. दोन्ही टोकांच्या लॉकनट सैल करायच्या. एका टोकाला उलटे आटे असतात, तिथे जोर लावून आटे मारू नका. सहा मिलिमीटरच्या रॉडला एक पूर्ण फेरा दिला की लांबी सुमारे दोन मिलिमीटरने बदलते. प्रत्येक टोकाला निदान सहा मिलिमीटर आटे आत राहिले पाहिजेत. बाजूने बघितल्यावर रॉड आणि त्याचे दोन्ही हात यांत साधारण काटकोन दिसायला हवा. तो बिघडला की वर गिअर सहज पडतो आणि खाली पडत नाही, किंवा उलट.

लिव्हर थेट शाफ्टवर असेल तर दात्यांवरून सरकवावा लागतो, आणि एका दात्याने टोक दीड-दोन सेंटीमीटर हलतं. बोल्ट अर्धा सैल करून ओढू नका; तो शाफ्टच्या खाचेत बसलेला असतो, पूर्ण काढावा लागतो. लिव्हर निघत नसेल तर चिरेत स्क्रू ड्रायव्हर घालून किंचित फाकवा. हातोडी नको. आत गिअरचा शाफ्ट आणि त्याचं ऑईल सील आहे.

सावधान: बोल्ट परत बसवताना लिव्हर शाफ्टवर पूर्ण आत आहे आणि बोल्ट खाचेतून जातोय हे डोळ्यांनी बघा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरतात. अर्धवट बसलेला लिव्हर दाते खातो, मग शाफ्टच बदलावा लागतो.

## टप्पा ८: लांबी आणि टोक

मोठा बूट असेल तर लिव्हर लांब करावासा वाटतो. १०० मिलिमीटरचा लिव्हर २० ने वाढवला तर पायाचा जोर सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी लागतो, पण पायाचा प्रवास पाचव्या हिश्श्याने वाढतो, आणि दगडाला अडकायची शक्यताही. त्यापुढे जाऊ नका.

हे काम उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडे किंवा वेल्डरकडे सहज होतं. लिव्हर काढून न्या. गाडीवर बसवलेल्या लिव्हरला वेल्डिंग करू देऊ नका. करंट बेअरिंग आणि ईसीयूमधून जातो. मूळ लिव्हर लोखंडी असेल तर लोखंडीच ठेवा. पडल्यावर तो वाकतो आणि पाइप घालून सरळ करता येतो. ॲल्युमिनियमचा तुटतो, तोही तुम्ही आंबोली आणि चंदगडच्या मध्ये असताना. दुमडणारं टोक बसवता आलं तर सगळ्यात चांगलं, कारण आघात शाफ्टपर्यंत पोहोचत नाही. टोकावरचं रबर चिखलात सटकतं, त्याऐवजी खाचा पाडलेली नळी वेल्ड करून घ्या.

कम्युटरवरून आलेल्यांना टाचेचा मागचा लिव्हरही हवा असतो. लांब सस्पेन्शनच्या गाडीवर उभं राहिलं की टाच चुकून त्यावर पडते आणि गिअर बदलतो. नको.

## टप्पा ९: चाचणी

इंजिन बंद ठेवून मागचं चाक हाताने फिरवत सगळे गिअर वर-खाली टाका. लिव्हर इंजिनच्या केसला, साइड स्टँडला किंवा फूटरेस्टला कुठेही लागत नाही ना ते बघा. मग वस्तीतल्या रस्त्यावर हळू, नंतर चढ, आणि त्यानंतरच कच्चा रस्ता. पहिल्या फेरीनंतर लिव्हरचा बोल्ट, दोन्ही लॉकनट आणि रबरी बुटांच्या क्लिपा पुन्हा आवळा. एअरबॉक्स उघडून पांढरं कापड पुन्हा एकदा आतून फिरवा. तांबडं निघालं तर टप्पा २.

टूलकिटमध्ये दहाचा पाना, लिव्हरचा एक जास्तीचा बोल्ट, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला तेल लावलेला फोम आणि एक ग्रिप पक्कड ठेवा. लिव्हर मोडलाच तर शाफ्टच्या दात्यांवर पक्कड घट्ट आवळून दुसरा गिअर टाकता येतो, आणि दुसऱ्यावर जांबोटीपर्यंत यायला काही अडत नाही.